लाल नाड्याचे वांगे

७ ऑगस्ट २००६ रोजी उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीच्या पात्राबाहेर पडून सुरत शहरात शिरले आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. हे कोणालाही पडताळून पाहता येईल. त्या आठवड्याची वर्तमानपत्रे ग्रंथालयांत उपलब्ध आहेत. त्याच पाण्याने इच्छापोरच्या बाजूच्या एका शेतातल्या बांबूच्या खुंट्याही उपटून नेल्या. या दुसऱ्या गोष्टीची नोंद कुठेही नाही. गायत्री उखा बोरसे हिच्या आयुष्यात मात्र पहिलीपेक्षा दुसरीलाच महत्त्व अधिक आहे.

त्या खुंट्यांवर वांग्यांच्या वाणांची नावे होती.

शेत एका खासगी बियाणे संस्थेच्या संशोधन केंद्राचे होते आणि गायत्री तिथे नुकतीच संशोधन साहाय्यक म्हणून लागली होती. नवसारीहून उद्यानविद्येची पदव्युत्तर पदवी घेऊन आलेली ही मुलगी बमरोलीत वाढली. वडील उखा बोरसे पारोळ्याकडचे. पांडेसऱ्यातल्या एका रंगाई मिलमध्ये जेट यंत्रावर कापड रंगवीत. आई मालतीबाई घरी साड्यांना टिकल्या लावण्याचे काम करी. गल्लीतली बरीच मुले वयात आली की मिलमध्ये नाहीतर पर्वत पाटियाच्या कापड बाजारात जात. गायत्री झाडांकडे गेली, याचे गल्लीला बरेच दिवस नवल वाटत होते. “एवढं शिकून वांगी लावायची?” असे शेजारच्या सरलाबाई तिला तोंडावर विचारीत. “आमची सासू तर अंगठेबहाद्दर होती, पण वांगी झकास लावायची!”

गायत्री त्यावर हसे. पण तिला लावायचे होते ते वांगे सरलाबाईंच्या सासूलाही सुरतेत लावता आले नसते. ते होते खानदेशी भरिताचे वांगे: फिकट हिरवे, अंगावर पांढुरके पट्टे असलेले, दोन्ही हातांत धरावे एवढे मोठे आणि आत बिया अगदी थोड्या. थंडी सुरू झाली की जळगाव-धुळ्याकडून सुरतेला येणाऱ्या प्रत्येक गाडीतून या वांग्यांची पोती उतरत आणि बमरोलीत त्यांच्यासाठी झुंबड उडे. गावाकडून येणारा पाहुणा वांग्यांशिवाय आला, तर त्याचे स्वागत जरा थंडच होई. हेच वांगे सुरतेत का पिकवू नये, असे उखाला दर वर्षी वाटे आणि दर वर्षी तो घरामागच्या हातभर जागेत रोपे लावी. रोपे तरारून वर येत, फुलावर येत आणि एखाद्या सकाळी हिरवीगार असतानाच माना टाकत. पाणी धरून ठेवणाऱ्या त्या काळ्या जमिनीत मर रोगाचे जंतू होते, हे गायत्रीला पुढे महाविद्यालयात कळले. उखाचे निदान त्याआधीच तयार होते: “सुरतनी माटीले भरीत आवडत नही.”

सुरतेच्या मातीला भरीत आवडायला लावायचे, एवढे एकच उद्दिष्ट घेऊन ती केंद्रात दाखल झाली. मर रोगाला दाद न देणाऱ्या काही काटक जातींशी तिने नवसारीला शिकत असतानाच खानदेशी वांग्याचा संकर केला होता. संकराची रोपे रांगांनी उभी होती आणि प्रत्येक रांगेच्या तोंडाशी खुंटी होती. शेजारी इतरांच्याही रांगा होत्या. मग पूर आला.

पाणी ओसरल्यावर ती शेतात पोचली, तेव्हा तिथे रांगा नव्हत्या आणि खुंट्याही नव्हत्या. सगळीकडे गुळगुळीत गाळ पसरला होता आणि त्यातून काळी पडलेली देठे वर आली होती. फक्त कुंपणाच्या तारेला टेकून एक रोप उभे होते. ते वाकले होते, खालची पाने गळाली होती, पण शेंडा हिरवा होता. ते तिच्या रांगेतले होते, शेजारच्या रांगेतले होते, की वरच्या अंगाच्या कुणा शेतकऱ्याच्या मळ्यातून गाळाबरोबर येऊन तिथे रुजले होते, हे सांगणारे काहीच उरले नव्हते.

केंद्रप्रमुख ललितभाई कमरेवर हात ठेवून गाळाकडे पाहत होते. शेत नांगरून टाकायचे ठरले होते. गायत्रीने ते रोप घरी न्यायची परवानगी मागितली.

“लई जाओ, बेन,” ते म्हणाले, “एक रींगण माटे कोण रडवानुं छे?”

एका वांग्यासाठी कोण रडणार आहे, हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. त्याचे उत्तर त्यांना बऱ्याच वर्षांनी मिळाले.

रोप बमरोलीला कसे पोचले, याच्या दोन हकिकती आहेत. उखा सांगतो की त्याने ते सायकलच्या कॅरिअरला बांधून आणले. गायत्री सांगते की साड्यांची पार्सले नेणाऱ्या टेम्पोतून आणले. रोप मातीच्या गड्ड्यासह मिलमधल्या रंगाच्या रिकाम्या ड्रममध्ये होते याबद्दल दोघांचे एकमत आहे. आणि तसा भरलेला ड्रम सायकलवर मावेल असे वाटत नाही. तेव्हा टेम्पोची हकिकत अधिक विश्वसनीय मानावी लागते. उखा मात्र सायकल सोडायला तयार नाही.

“व माय, हाई काय लई उनी तू?” मालतीबाईने दारातच विचारले.

“वांगं, माय.”

“वांगं ते दिसस माले. पन ड्रममा काबर?”

“पोरले नोकरी लागनी,” उखाने मागून खुलासा केला, “आनि पगारमा वांगं भेटनं!”

गल्लीला हसायला आठवडाभर पुरेल एवढे ते वाक्य होते. गायत्रीने ड्रमच्या तळाला भोके पाडली आणि तो उन्हाच्या बाजूला सरकवला. रोप तगले. त्याच ड्रममध्ये, मुद्दाम आणून टाकलेल्या रोगट मातीतही तगले. दिवाळीच्या सुमारास ते फुलले, तेव्हा तिने एका फुलाला मलमलीची पिशवी बांधली, म्हणजे मधमाशीने बाहेरचे पराग आणू नयेत आणि येणारे बी त्या झाडाचे शुद्ध स्वतःचेच असावे. बाकीच्या फळांत अळी शिरली आणि ती किडून गेली. पिशवीतले तेवढे एक फळ निर्मळ वाढले: फिकट हिरवे, पट्ट्यांचे, लांबट गोल.

आता ते फळ झाडावरच पिवळे होऊन पिकू द्यायचे आणि त्यातले बी घ्यायचे. त्या झाडाचा पुढचा सगळा वंश त्या एका फळात होता. कोणी चुकून तोडू नये म्हणून त्याला खूण करणे भाग होते. खुणेच्या चिठ्ठ्या केंद्रात राहिल्या होत्या. घाईत असलेल्या गायत्रीने देवघराच्या डबीत हात घातला, हाताला लागला तो लाल नाडा देठाभोवती बांधला आणि कामासाठी काही दिवस नवसारीला गेली.

शास्त्राच्या दृष्टीने त्या खुणेत काही चूक नव्हती. चूक होती ती बोरसे यांच्या घरात ती खूण करण्यात.

खंडोबा हे त्या घराचे दैवत. चातुर्मास लागला की मालतीबाई वांग्याला शिवत नसे, ती थेट चंपाषष्ठीपर्यंत. त्या दिवशी भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य देवाला दाखवायचा आणि मगच वांगे तोंडी लावायचे. गावी असताना परसातले पहिले चांगले वांगे यासाठी राखून ठेवीत आणि ते ओळखू यावे म्हणून त्याला देवघरातला लाल नाडा बांधीत. सुरतेत परस नव्हते, म्हणून ती रीत बंद पडली होती. आता ड्रममधल्या त्या देखण्या वांग्याला नाडा बांधलेला पाहिला आणि मालतीबाईला एकच अर्थ दिसला: पुस्तके वाचून देवाला विसरलेली पोर न सांगता, न बोलता खंडोबाला वांगे राखून गेली आहे. तिने ही वार्ता गल्लीभर केली. सांगताना तिचे डोळे भरून आले होते, असे सरलाबाई आजही सांगतात.

चंपाषष्ठीला दुपारी गायत्री परतली. गल्लीच्या तोंडाशीच कपाशीच्या काड्यांचा धूर आणि भाजल्या वांग्याचा वास आला.

“गायत्री, जिंकलंस गं!” सरलाबाई ओट्यावरून ओरडल्या. “देवाला वांगं राखलंस!”

ती धावतच ड्रमपाशी गेली. देठ सुरीने नीट कापलेला होता. नाडा फेकलेला नव्हता. प्रसाद म्हणून तो फांदीला अडकवून ठेवलेला होता.

“माय! ड्रमवरलं वांगं कोठे गयं?”

“कोठे जाई? देवले गयं.”

“अगं माय, तो नाडा कोणी तोडू नये म्हणून बांधला होता!”

“मंग? कोनी तोडं का?” मालतीबाई रोडग्याला तूप लावत शांतपणे म्हणाली. “बठी गल्ली येता-जाता दखे, पन कोनी हात लावं नही. देवना नाडा शे म्हनीसन.”

“बी होतं त्यात! त्या झाडाचं एकुलतं एक बी!”

मालतीबाईचा हात थांबला. आपल्याकडून काहीतरी विपरीत घडले आहे, हे तिला आता कळले. ती भरिताच्या पातेल्याकडे पाहत राहिली, मग देवघराकडे. कोणाची क्षमा मागावी, मुलीची की देवाची, हे तिला ठरवता येईना. शेवटी तोंडात घास असलेल्या उखानेच कोंडी फोडली.

“भांडन मांगून करज्यात. पहिलं खाई ल्या. थंडं व्हई जाई.”

गायत्री पाटावर बसली ती रागानेच. घास घेतला तोही रागाने. मग ती चावायची थांबली.

आजवरच्या तिच्या संकरांत एक खोड हटत नव्हती. मर रोगाला टिकणाऱ्या प्रत्येक झाडाचे फळ कडवट निघे, बियांनी भरलेले असे. आणि ज्याचे भरीत करावे असे फळ येई, ते झाड मरून जाई. गुण एकत्र येतच नव्हते. इथे गाळात आणि रोगट मातीत तगलेल्या झाडाचे फळ जिभेवर लोण्यासारखे विरघळत होते आणि कडवटपणाचा मागमूस नव्हता. तिने मुळी बियांसाठीच राखून ठेवलेल्या त्या फळाची चव तिला इतक्यात कळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नव्हता. जे हवे होते ते सापडल्याचे तिला कळले, आणि त्याच क्षणी ते आपल्या ताटात आहे हेही कळले. कोवळ्या, पांढऱ्या, कधीही न उगवणाऱ्या बिया तिच्या दातांखाली येत होत्या.

“माय,” ती म्हणाली, “अजून वाढ.”

मालतीबाई रडता रडता हसली आणि तिने वाढले.

त्या भरिताच्या चवीविषयी पुढे जे सांगितले जाते, ते थोडे राखूनच घ्यायला हवे. नाव झालेल्या वस्तूची चव दर वर्षी वाढत जाते. चव तेव्हा कोणी मोजली नव्हती आणि खाणाऱ्यांत सगळे घरचे होते. एवढे मात्र निश्चित, की दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका गायत्रीकडे बियाणे मागू लागल्या. आणि द्यायला तर एकही बी नव्हते!

आता सगळा भार त्या थकलेल्या झाडावर होता. गायत्रीने धीर करून ते गुडघाभर उंचीवर छाटले, खोडवा ठेवला. छाटलेल्या फांद्यांच्या कांड्या ओल्या वाळूत लावल्या. त्या बहुतेक कुजल्या. जुन्या खोडाला मात्र अंकुर आले. मालतीबाई त्या ड्रमची राखण अशी करी की ड्रमजवळ बसायलाही उखाला परवानगी नव्हती. गल्लीतली बकरी तिने काठी घेऊन पर्वत पाटियाच्या दिशेने पिटाळली होती, असे म्हणतात. यात अतिशयोक्ती असावी. उन्हाळ्यात नवी फुले आली. गायत्रीने पुन्हा मलमलीच्या पिशव्या बांधल्या आणि या वेळी खुणेला मिलमधले निळे सूत वापरले. निळा नाडा कोणत्याही देवाचा नाही, याची तिने आधी आईकडून खात्री करून घेतली होती.

फळे पिवळी झाली आणि बी मिळाले.

ते बी घेऊन ती ललितभाईंकडे गेली. त्यांनी केंद्रातला सर्वांत वाईट कोपरा दाखवला. तिथे आदल्या वर्षी मर रोगाने टोमॅटो आडवे पडले होते. “आ खूणो तमारो,” हा कोपरा तुमचा, असे ते म्हणाले. त्यांना वाटले, ती नाराज होईल. तिला तर तोच कोपरा हवा होता. पावसाळा सरला तेव्हा कोपऱ्यातली निम्म्याहून अधिक रोपे उभी होती, आणि ललितभाई रोज चहानंतर हात मागे बांधून तिकडे फेरी मारू लागले होते. “आ तो जिद्दी छे,” एकदा ते म्हणाले. “तमारी जेम.” तुमच्यासारखेच.

रोपे उभी राहिली, तरी फळे एकसारखी नव्हती. काही हिरवी लांबट, काही चेंडूसारखी गोल, काहींवर जांभळी झाक. आई-बाप वेगवेगळ्या जातींचे असले, की पोटी असेच होते; म्हणजे कुंपणाजवळचे ते रोप संकराचे होते, हे त्यावरून सिद्ध झाले. कोणाचा संकर, हे झाले नाही. गायत्री पिढ्यामागून पिढ्या निवड करीत गेली. प्रत्येक थंडीत त्यांतली उत्तम झाडे ठेवायची, बाकीची उपटायची. यात वर्षे गेली. मधल्या काळात तिने डॉक्टरेट केली, लग्न केले, एका मुलीची आई झाली आणि केंद्राच्या भाजीपाला विभागाची प्रमुख झाली. त्या पदावर तिथे आलेली ती पहिली स्त्री. ओलपाड-कामरेजकडचे शेतकरी तिला ‘रींगणवाळां बेन’ म्हणू लागले. रोपवाटिकेतली माती तापवून रोगमुक्त कशी करायची, हे शिकवत ती गावोगाव फिरली. बमरोलीतल्या बायकांना तिने ड्रममध्ये वांगी लावायला शिकवले; आज त्या गल्लीत रंगाचा ड्रम रिकामा सापडणे अवघड आहे.

एकदा केंद्रात तिच्या वांग्यांची चव-चाचणी झाली. सगळ्या वाणांना सारखी वागणूक मिळावी, म्हणून नियमाप्रमाणे वांगी विजेच्या भट्टीत भाजली होती. उरलेले भरीत गायत्री घरी घेऊन आली. मालतीबाईने एक घास घेतला आणि डबा बंद केला.

“हाई भरीत नही. हाई उकडेल वांगं शे.”

“माय, नियम असतो.”

“मंग नियमले खाऊ घाल!”

खरा पेच आला तो २०२३ मध्ये. वाण तयार होते. बाहेरच्या तज्ज्ञांची समिती केंद्रात येणार होती. समितीने मान्यता दिली की बियाणे शेतकऱ्यांच्या हाती जाणार. ललितभाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते आणि जाण्याआधी हे काम झालेले त्यांना पाहायचे होते. त्यांनी हौसेने माहितीपत्रकही छापून घेतले होते. त्यात मातृवाण म्हणून खानदेशी भरिताचे वांगे आणि पितृवाण म्हणून गायत्रीने संकराला वापरलेल्या काटक जातींपैकी एक, असे ठळक अक्षरांत होते.

“हे कोणी सांगितलं?” गायत्रीने विचारले.

“अहो बेन, त्या प्लॉटमध्ये संकर कोणाचा होता? तुमचाच ना?”

“प्लॉटमध्ये माझा संकर होता, हे माहीत आहे. रोप त्यातलं होतं, हे माहीत नाही.”

“दुसरं कशातलं असणार?”

“शेजारच्या रांगेतलं. कोणाच्या तरी मळ्यातलं. पूर आला होता, ललितभाई.”

“तुम्ही शास्त्रज्ञ आहात की वकील?”

“वकील असते तर तुमच्या बाजूनं बोलले असते.”

ललितभाईंनी चहाचा कप बशीत ठेवला आणि गंभीरपणे समजावले. संकर म्हटला, की वाण घडवणारी म्हणून तिचे नाव लागेल. कामाचे चीज होईल. मूळ अज्ञात म्हटले, तर ती केवळ निवड ठरेल, आणि समितीने अलीकडे असले प्रस्ताव परतच पाठवले होते. परत आला, तर पुन्हा कधी समोर येईल याची शाश्वती नव्हती. “सतरा वर्षं घातलीत तुम्ही,” ते म्हणाले, “आणि एका ओळीसाठी अडता?”

त्या ओळीचा मोह गायत्रीला नव्हता असे नाही. ती बहुधा खरीही असेल, असे तिचेच मन तिला सांगत होते. पण ‘बहुधा’ हा शब्द पत्रकात नव्हता. तिने त्या झाडाच्या वंशाची आणि २००६ च्या शेतातल्या सगळ्या जातींची पाने जनुकीय तपासणीला पाठवली. अहवाल आला. आईविषयी शंका उरली नाही; ती खानदेशीच होती. पत्रकात छापलेला बाप मात्र बाप नव्हता. तिच्या इतर काटक जातींपैकी किंवा शेजारच्या रांगांतल्या जातींपैकीही कोणी जुळले नाही.

ललितभाईंनी अहवाल दोनदा वाचला. मग कात्री मागवली, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि पुटपुटत एकेका पत्रकातल्या त्या ओळीवर स्वतःच्या हाताने चिकटवायला बसले.

समितीच्या आदल्या संध्याकाळी गायत्री बमरोलीला गेली. उद्या काय होऊ शकते, हे तिने आईला सांगितले.

“त्यान्हा बाप कोन शे हाई माहीत नही, म्हनीसन नापास करतीन?” मालतीबाईने विचारले.

“करू शकतात.”

“माय ते माहीत शे ना? मंग झायं!”

समितीचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते. मृदू बोलणारे आणि काहीही न सोडणारे. रोगट वाफ्यांतले आकडे त्यांनी बारकाईने पाहिले, पाने मागे उलटून पुन्हा पाहिले. शेवटी पट्टी चिकटवलेल्या ओळीवर बोट ठेवले.

“पितृवाण कोणतं?”

“माहीत नाही,” गायत्री म्हणाली.

ललितभाईंनी रुमाल काढला.

“अंदाज?”

“एक होता. तपासला. चुकीचा निघाला.”

“मग हे वाण तुम्ही घडवलं, असं आम्ही कसं म्हणावं?”

“घडवलं, असं मी म्हणत नाही, सर. पुरानंतर सापडलं. जपलं आणि निवडत गेले, एवढंच म्हणते.”

अध्यक्षांनी इतर सदस्यांकडे पाहिले. चर्चा बरीच चालली. आकडे चोख होते, त्यांना हरकत घेता येत नव्हती; आणि मूळ लपवलेले नसल्यामुळे पुढे कोणी बोट ठेवण्याचा प्रश्नही उरला नव्हता. निर्णय झाला तो असा: वाण संकर म्हणून नव्हे, निवड म्हणून स्वीकारावे, त्याचे मूळ ‘अज्ञात’ असे नोंदवावे, आणि आणखी एक हंगाम शेतकऱ्यांच्या शेतांत ते टिकले तर बियाणे द्यावे. घडवणारी म्हणून गायत्रीचे नाव लागणार नव्हते. ते ऐकून तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी येऊन गेले, असे ललितभाई सांगतात. गायत्री स्वतः म्हणते, तिला फक्त भूक लागली होती.

“नाव काय ठेवणार?” अध्यक्षांनी विचारले.

“तापी तेज,” ललितभाई तत्परतेने म्हणाले.

“लाल नाडा,” गायत्री म्हणाली.

कारण विचारल्यावर तिला चंपाषष्ठीची हकिकत सांगावी लागली. ‘देवले गयं’ इथवर ती आली तेव्हा मृदुभाषी अध्यक्ष खुर्चीत मागे रेलून खो खो हसत होते.

“आणि आईंनी ते तोडलं नसतं तर?” त्यांनी डोळे पुसत विचारले.

“तर बी काही महिने आधी मिळालं असतं, सर. चव मात्र उशिरा कळली असती.”

हंगाम पार पडला. त्या वर्षी ओलपाडकडे पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला, शेतांत पाणी साचले आणि आजूबाजूची वांगी गेली तरी लाल नाडा उभा राहिला. २०२४ च्या थंडीत पहिले बियाणे वाटले गेले, त्या दिवशी इच्छापोरच्या त्याच शेतात गायत्रीने भरिताची पंगत घातली. निवृत्त ललितभाई आले होते. मालतीबाई काड्यांच्या जाळापाशी बसून कोणाला हात लावू देत नव्हती, आणि उखा कुंपणाकडे बोट दाखवून आलेल्या प्रत्येकाला सांगत होता की इथून तो ते झाड सायकलवर घेऊन गेला.

“एक रींगण माटे कोण रडवानुं छे, असं मी म्हणालो होतो,” ललितभाई घास घेत म्हणाले.

“मी रडनू ना!” मालतीबाई जाळापासून म्हणाली. “चंपाषष्ठीले!”

लाल नाडा आज सुरत जिल्ह्यातल्या काही गावांत आणि बमरोलीतल्या अनेक ड्रमांत पिकतो. त्याची आई खानदेशी भरिताचे वांगे आहे, हे सिद्ध आहे. बाप कोण, हे माहीत नाही. २००६ च्या शेतातला नव्हता, इतकेच कळले आहे. ते रोप गायत्रीच्या रांगेत आधीपासून चुकून आले होते की पुराबरोबर वाहत आले, हेही माहीत नाही. वाहत आले असेल तर ते कोणाच्या मळ्यातले, त्या शेतकऱ्याने ते बी कुठून मिळवले होते आणि त्याच्याकडे त्या जातीची आणखी झाडे होती का, याचा शोध अद्याप लागलेला नाही.